सणाचे गाणे आणि गायकाची भाकर

(शब्बाथ शाळेचे शिक्षक व घरगुती शास्त्राभ्यास यांच्यासाठी पाठ)

शास्त्रभाग : नहेम्या १२:२७-३०, ४३-४७, १३:४-१३, लूक २:८-२०

पूरक वाचन : अनुवाद १६:१३-१७, १ इतिहास २५:१-८, आमोस ५:२१-२४, १ करिंथ ९:७-१४

पाठाचा उद्देश : सणाच्या दिवशी गाणारे व वाजवणारे लोक का गातात, त्यांचे आपल्यावर काय देणे आहे, आणि सण संपल्यावर त्या गाण्याचे काय व्हावे, हे शास्त्राच्या आधारे समजून घेणे.



नोव्हेंबर सरत आला की आपल्या मंडळ्यांतून पेटीवरची धूळ झटकली जाते, तबल्याच्या वाद्या ओढल्या जातात, आणि वर्षभर मागच्या बाकावर बसणाऱ्यांचाही आवाज सरावाला ऐकू येऊ लागतो. अशाच एका रविवारी आमच्या शब्बाथ शाळेत एका मुलीने मला विचारले, "सर, नाताळची गाणी नाताळातच का म्हणायची? आणि मोठ्या हॉटेलांत ती वाजवतात, त्या लोकांना तर येशू माहीतसुद्धा नसतो. मग ते का वाजवतात?"

मी तिला काहीतरी उत्तर देऊन गप्प बसवले. परंतु घरी आल्यावर माझ्या ध्यानात आले की, तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर मला आधी माझा एक अपराध कबूल करावा लागेल. तो पुढे सांगतो. प्रथम शास्त्राकडे वळू.

१. सण देवाने का नेमले?

इस्राएलाला देवाने वर्षातून तीन वेळा आपल्यासमोर येण्यास सांगितले होते : बेखमीर भाकरीच्या सणास, सप्ताहांच्या सणास आणि मंडपांच्या सणास. देव तर रोजच ऐकतो, मग वर्षातून तीन वेळा कशाला? कारण माणूस विसराळू आहे. शेतात, गोठ्यात, बाजारात त्याचे मन गुंतते. मिसर देशातील दास्य आणि देवाने केलेली सुटका यांचा त्याला विसर पडतो. म्हणून वर्षाच्या वाटेवर देवाने जागोजागी खुणेचे दगड उभे केले. तेथे थांबायचे, आठवण करायची आणि गायचे.

या सणांची गाणीही वेगळी होती. स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे वर चढण्याची स्तोत्रे म्हणून ओळखली जातात. यात्रेकरू यरुशलेमेच्या वाटेवर ती गात, असे अनेक अभ्यासक मानतात. वल्हांडणाच्या वेळी ११३ ते ११८ ही स्तोत्रे गाण्याची यहूद्यांची रीत आजही आहे. आपल्या प्रभूनेही शेवटच्या भोजनानंतर शिष्यांसह स्तोत्र गाइले आणि मग तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला, असे मत्तय व मार्क दोघेही सांगतात. म्हणजे सणाचे गाणे सणाला गाणे यात कमीपणा नाही. खुद्द प्रभूने ते केले आहे.

वर्षातून एकदाच मंदिरात येणाऱ्या माणसाला आपण "नाताळचा ख्रिस्ती" म्हणून हिणवतो. पण यरुशलेमेपासून दूर राहणाऱ्या गरीब शेतकऱ्याला वर्षातून किती वेळा येणे जमत असेल? शेत कोणावर टाकून यायचे? तरी तो आला की मंदिरातील गायक त्याच्यासाठीही उभे असत. तो सणापुरताच आला आहे म्हणून त्याच्या वाटचे गाणे कोणी अर्धवट गात नव्हते.

२. मंदिरातील गायक हे कामकरी होते

१ इतिहास २५ व्या अध्यायात दाविदाने केलेली व्यवस्था वाचा. आसाफ, हेमान व यदूथून यांच्या घराण्यांतील लोक गायनवादनासाठी वेगळे केले होते. शिकून तयार झालेल्यांची संख्या २८८ होती, आणि चिठ्ठ्या टाकून बारा-बारा जणांचे २४ वर्ग पाडले होते. चिठ्ठ्या टाकताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून सांगावे. याच पुस्तकाच्या ९:३३ मध्ये असे आहे की, हे गायक रात्रंदिवस आपल्या कामात असत, म्हणून त्यांना इतर कामे दिलेली नव्हती.

ज्याला दुसरे काम नाही त्याला शेतही नाही. मग त्याची चूल कशावर पेटणार? लोकांनी आणलेल्या दशमांशावर. म्हणजे इस्राएलाची स्तुती आणि इस्राएलाचे कोठार यांची गाठ देवानेच बांधली होती.

आता नहेम्याकडे या. यरुशलेमेचा तट ५२ दिवसांत बांधून झाला (६:१५). त्याच्या समर्पणाच्या दिवसासाठी गायक आणायचे ठरले. ते कोठून आले? आसपासच्या खेड्यांतून आणि शिवारांतून. गायकांनी यरुशलेमेभोवती आपल्यासाठी वाड्या वसवल्या होत्या, असे १२:२९ मध्ये आहे. ते आले, त्यांचे दोन मोठे वर्ग तटावरून दोन दिशांनी गात निघाले, आणि यरुशलेमेचा आनंद दूरवर ऐकू गेला.

पुढचे ४४ वे वचन आपण सहसा वाचत नाही. त्याच दिवशी कोठारांवर माणसे नेमण्यात आली. गायकांचा, द्वारपाळांचा व लेव्यांचा जो वाटा असे तो नीट गोळा व्हावा व पोचावा म्हणून ही नेमणूक होती. गाणे आणि भाकरीची सोय, दोन्ही एकाच दिवशी.

परंतु पुढे काय झाले? नहेम्या काही काळ राजाकडे गेला. परत येऊन पाहतो तो मंदिरातील जी मोठी खोली धान्यासाठी व गायकांच्या वाट्यासाठी होती, ती एल्याशीब याजकाने तोबीया नावाच्या वजनदार माणसाला राहायला दिलेली! गायकांचा वाटा बंद झाला होता आणि ते आपापल्या शेताकडे पळून गेले होते (१३:१०). मंदिर तेच आणि सणही तेच, पण गाणारा तेथे नव्हता.

नहेम्याने दोष कोणाला दिला? "हे गायक पैशाचे लोभी निघाले" असे तो म्हणाला नाही. त्याने अधिकाऱ्यांना जाब विचारला, गायकांना परत बोलावून त्यांच्या जागी उभे केले, आणि मग विश्वासू माणसांच्या हाती कोठार दिले.

३. माझा अपराध

आता मघाशी म्हटलेली गोष्ट.

आमचे उधना हे सुरतेच्या दक्षिणेचे कारखान्यांचे उपनगर. मुंबई-अहमदाबाद रेल्वेपासून तापी खोऱ्याची लाईन येथूनच फुटते आणि नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत जळगावकडे जाते. त्या वाटेने खानदेशातील असंख्य माणसे लूमवर काम करायला सुरतेत आली. बारा-बारा तासांची पाळी, एका खोलीत पाच-सहा जण, आणि सणाला गावी जायला मिळेलच असे नाही. दिवाळीला कारखाने बंद राहतात, नाताळला नाही. आमच्या मंडळीतील कित्येकजण नाताळच्या सकाळी रातपाळी करून थेट उपासनेला येतात.

अशाच एका कुटुंबातील तरुण कीबोर्ड वाजवतो. लूमवरचे काम सोडून तो या धंद्यात शिरला. त्याचे पंचांग आपल्यापेक्षा वेगळे आहे. गणपतीत बँजो पार्टीबरोबर, नवरात्रात गरब्याच्या नऊ रात्री, तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई. डिसेंबरच्या मध्याला कमुरता, म्हणजे आपल्याकडचा धनुर्मास, सुरू झाला की संक्रांतीपर्यंत लग्ने थांबतात. मग माघापासून वैशाखापर्यंत पुन्हा लग्ने, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की गणपती येईपर्यंत हात रिकामे. जे मिळवायचे ते या मोजक्या रात्रींत, आणि त्यावर वर्ष काढायचे.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमासाठी आम्ही त्याला तीन आठवडे सरावाला बोलावले. सराव नोव्हेंबरच्या शेवटापासून, म्हणजे ऐन लग्नसराईत. त्याने दोन-तीन सुपाऱ्या सोडल्या. कार्यक्रम उत्तम झाला. हिशेबाच्या वेळी मांडववाल्याला पैसे दिले, लाईटवाल्याला दिले, आचाऱ्याला दिले, स्पीकरवाल्याने वाढवून मागितले तेही दिले. त्या मुलाने दबकत विचारले, "काका, रिक्षाभाड्याचं काही बघता येईल का?" कीबोर्ड, स्टँड, वायरींची पिशवी घेऊन तो रोज रिक्षाने येत असे. मी कमिटीवर होतो. मी म्हणालो, "अरे, ही प्रभूची सेवा. सेवेचे कसले भाडे?"

तो काही बोलला नाही. आम्ही त्याला गुलाबाचे फूल दिले आणि टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी तो सरावाला आला नाही. २४ डिसेंबरच्या रात्री तो एका हॉटेलात नाताळच्या पार्टीला वाजवत होता. आमच्या कार्यक्रमात मोबाईलवरून संगीत लावून मुलांनी गाणी म्हटली. बाहेर आम्ही आपसांत म्हणालो, "पोरगा पैशाच्या मागे गेला." मीही म्हणालो.

त्यानंतर महिना-दीड महिन्याने उपदेशाच्या तयारीसाठी मी नहेम्या वाचत होतो. १३:१० आले आणि माझे डोळे तेथेच थबकले. गायक शेताकडे पळून गेले होते. मांडववाल्याला, आचाऱ्याला, स्पीकरवाल्याला आम्ही ज्या कोठारातून दिले त्यात गायकाचा वाटा नव्हता. तोबीयाची खोली आमच्याही हिशेबाच्या वहीत होती.

४. वादकाने दिलेले उत्तर

मी त्याच्या खोलीवर गेलो. माफी मागितली. चहा पिताना, थोडे टोचूनच म्हणा, मी विचारले, "हॉटेलात जेवायला आलेल्या लोकांपुढे आपली गाणी वाजवताना तुला काय वाटते? त्यांना त्यातले काय कळते? वर्षातून एक दिवस ऐकणारी माणसे ती."

तो म्हणाला, "काका, वर्षातून एकच दिवस ऐकतात म्हणूनच नीट वाजवावं लागतं. मंडळीत चुकलं तर पुढचा रविवार आहे. त्यांना पुढचा रविवार नाही."

मग त्याने त्या रात्रीची हकिकत सांगितली. दोन तास वाजवले, लोक जेवत होते, फोटो काढत होते. लक्ष देऊन ऐकणारा एकच होता. स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पुशीत उभा राहिलेला, भांडी घासणारा पोरगा. तो नवापूरकडचा. त्या चालीवर त्याच्या गावची मंडळी त्याच वेळी गात असणार, आणि याला सुट्टी मिळाली नव्हती. त्याने खुणेने सांगितले, तेच पुन्हा वाजवा. याने पुन्हा वाजवले. हॉटेलवाल्याला कळलेही नाही.

वादक म्हणाला, "पैसे हॉटेलनं दिले, पण दुसऱ्यांदा वाजवलं ते त्याच्यासाठी."

वाचकहो, सणाला वादक का वाजवतो याचे उत्तर त्या मुलाकडे होते, आणि ते दोन्ही बाजूंनी खरे होते. तो पोटासाठी वाजवतो, कारण लोक सणालाच एकत्र येतात आणि सणालाच खिसा सोडतात. आणि तो कोणासाठी तरी वाजवतो, कारण सणाच्या दिवशी माणसाचा कान उघडा असतो. एरवी ज्याला गाणे म्हणजे नुसता आवाज, त्यालाही त्या दिवशी आपले गाव, आपली आई, आपली मंडळी आठवते. पोट आणि प्रेम ही एकाच माणसात राहू शकतात. पौलही तंबू शिवत होता.

५. इतरांची उदाहरणे

ही गोष्ट केवळ उधन्याची नाही. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव घ्या. तमाशाचे नाव काढताच काही वाचक नाक मुरडतील, पण क्षणभर थांबावे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येऊन चैत्र-वैशाखातील जत्रांसाठी सुपारी देतात. त्या थोड्या दिवसांवर कलावंतांची वर्षाची बेगमी ठरते. सन २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि देशातील टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. जत्रा गेल्या, सुपाऱ्या गेल्या. त्याच वर्षी गुजरातेत नवरात्राचे सार्वजनिक गरबेही झाले नाहीत. सणावर जगणाऱ्याचा सण बुडाला की वर्ष बुडते, हे त्या साली सर्वांना दिसले. आपल्या मंडळ्यांनी तेव्हा धान्याच्या पिशव्या वाटल्या. त्या यादीत किती वादक होते, हे ज्याचे त्याने आठवावे.

आपण ज्यांची नावे आदराने घेतो त्यांचेही असेच होते. थोर ख्रिस्ती संगीतकार योहान सेबास्टियन बाख लायप्झिग शहरात मंडळीच्या नोकरीत होता. सन १७३० मध्ये त्याने एका जुन्या मित्राला पत्र लिहिले. त्यात तो सांगतो की, पगाराबरोबर अंत्यविधीच्या गायनाचे पैसे मिळतात, पण हवा चांगली असली की लोक कमी मरतात आणि आपली कमाई घटते. वाचून हसू येते, परंतु त्याच्या घरात खाणारी तोंडे पुष्कळ होती. याच माणसाने चार वर्षांनी, १७३४ च्या नाताळासाठी, सहा भागांची मोठी संगीतरचना केली. ती नाताळच्या पहिल्या दिवसापासून ६ जानेवारीपर्यंतच्या सणांच्या उपासनांत भागाभागाने गाइली गेली. भाकरीची काळजी आणि देवाचे गौरव एकाच लेखणीतून उतरत होते.

"शांत रात्री" म्हणून जगभर गाइले जाणारे गीत १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी प्रथम गाइले गेले. शब्द योसेफ मोर या साहाय्यक याजकाचे, चाल फ्रांत्स ग्रूबर या शाळामास्तराची, साथीला गिटार. पण ते गीत जगात कसे पसरले? त्यात टिरोल प्रांतातील गाणाऱ्या कुटुंबांचा मोठा हात होता. त्यांपैकी श्ट्रासर कुटुंब हातमोजे विकणारे होते. १८३१ च्या सुमारास ते नाताळच्या दिवसांत लायप्झिगच्या बाजारात माल घेऊन गेले व तेथे गाइले. रायनर नावाच्या दुसऱ्या कुटुंबाने ते गीत १८३९ मध्ये अमेरिकेत गाइले. जत्रेत माल विकायला गेलेल्या माणसांच्या गळ्यातून ते गीत पुढे गेले आणि आज आपल्या हाती आहे. सणाच्या बाजारातले गाणे तुच्छ मानण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

हँडेलच्या "मसीहा" या रचनेची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगतो. तिचा पहिला प्रयोग डब्लिन येथे १३ एप्रिल १७४२ रोजी, पुनरुत्थानाच्या सणाच्या थोडेच दिवस आधी झाला. आज ती बहुतेक ठिकाणी नाताळात गातात. त्या पहिल्या प्रयोगाचे उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी दिले गेले. कर्जबाजारी कैदी खरोखर सुटले. सणाच्या गाण्यातून आलेला पैसा कोठे जातो, हाही भक्तीचाच प्रश्न आहे.

आपल्या महाराष्ट्रातही अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कथेला कीर्तनाचा साज चढवला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्याला भजने व अभंग दिले. लोक जेथे जमतात आणि जी चाल त्यांच्या ओठांवर आहे, तेथूनच सुवार्ता सांगायची, हे त्या वडील मंडळींनी ओळखले होते.

६. एक इशारा आणि एक अवघड प्रश्न

मात्र शास्त्र एकाच बाजूने बोलत नाही. आमोस ५:२१-२४ वाचा. ज्या लोकांचे सण थाटाचे आणि गाणी सुरेल, पण ज्यांच्या व्यवहारात गरिबाला न्याय नाही, त्यांची गाणी देवाला गोंगाट वाटतात. त्याला न्याय हवा आहे, बारमाही नदीसारखा वाहणारा. याचा रोख वादकापेक्षा आपल्याकडे, गाणे करवून घेणाऱ्यांकडे, अधिक आहे. ज्याने वाजवले त्याचे भाडे बुडवून "देवाला गौरव" म्हणणे हे आमोसाला चालले नसते.

अवघड प्रश्न हा की, ख्रिस्ती वादकाने इतर धर्मीयांच्या सणाला, मूर्तीपुढे वाजवावे काय? आमच्या मंडळीत यावर दोन मते आहेत. कोणी म्हणतात, हा धंदा आहे, जसे सणासाठी लागणारे कापड विणणे. कोणी म्हणतात, वाद्य हे भक्तीत सहभागी होते, कापड होत नाही. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ८ ते १० या अध्यायांत असाच प्रश्न हाताळला आहे. मूर्ती काही नाही हेही तो सांगतो, आणि मूर्तिपूजेपासून दूर पळा हेही तितक्याच ठामपणे सांगतो. माझे स्वतःचे मन असे आहे की, लग्नात वाजवणे आणि देवतेच्या पूजेत वाजवणे यांत फरक आहे, आणि तो त्या वादकाने प्रार्थनेने ठरवावा. परंतु एक गोष्ट निश्चित. जी मंडळी त्याला भाकर देत नाही तिने त्याच्या पाठीमागे त्याच्या भाकरीचा न्याय करू नये. बोलायचे तर त्याच्याजवळ बसून बोलावे.

७. मेंढपाळ परत गेले

आता शेवटी लूक २ कडे येऊ.

बेथलेहेमच्या रात्री स्वर्गातील सेनेने गाइले. ऐकणारे किती? शेतात रातपाळी करणारे मोजके मेंढपाळ. सणाला जमलेला समुदाय नव्हता, मांडव नव्हता. आणि गाणे झाल्यावर १५ वे वचन सांगते की देवदूत त्यांच्यापासून निघून गेले. आकाश पुन्हा काळे झाले. दुसऱ्या रात्री ते पुन्हा गायला आल्याचे कोठे लिहिलेले नाही.

मग ते गाणे संपले काय? २० वे वचन वाचा. मेंढपाळ परत गेले, आपल्या मेंढरांकडे, आपल्या कामाकडे, आणि जाताना देवाचे गौरव व स्तुती करीत गेले. देवदूतांचे गाणे आता मेंढपाळांच्या तोंडी होते. गाणारे गेले आणि ऐकणारे गाणारे झाले.

सणाच्या गाण्याचे काम ते हेच. वादकाने त्या एका रात्री आपले सर्वस्व ओतून वाजवावे, आणि ऐकणाऱ्याने ते लूमवर, शेतावर, स्वयंपाकघरात घेऊन जावे. वादकाची जबाबदारी एका रात्रीची आहे, आपली उरलेल्या ३६४ दिवसांची. आपण ती पार पाडत नाही आणि मग वादकाला म्हणतो, "तू सणापुरताच येतोस."

त्या मुलीला आता मी असे उत्तर देतो : "बाळ, नाताळची गाणी नाताळात म्हणतात कारण त्या दिवशी सगळे ऐकायला येतात. हॉटेलातले वादक वाजवतात कारण त्यांना घर चालवायचे आहे, आणि कदाचित दारात कोणीतरी उभा असतो म्हणूनही. पण तू ते गाणे जानेवारीत भांडी घासतानाही म्हण. देवाला चालेल."

आमच्या मंडळीने आता वार्षिक अंदाजपत्रकात संगीतसेवेसाठी वेगळी रक्कम ठेवली आहे. रक्कम मोठी नाही, रिक्षाभाडे आणि थोडे मानधन. सरावाच्या तारखा वादकाला विचारून ठरतात. तो मुलगा दर रविवारी येतो असे नाही. लग्नाच्या दिवसांत महिना-महिना दिसत नाही, आणि त्यावर कमिटीत अजून वाद होतात. पण पावसाळ्यात हात रिकामे असतात तेव्हा तो मुलांना पेटी शिकवतो. त्याचे पैसे आम्ही देतो.

शिक्षकांसाठी चर्चेचे प्रश्न

१. नहेम्या १२:४३ व ४४ ही वचने एकापाठोपाठ वाचा. आनंद व कोठार यांचा संबंध आपल्या शब्दांत सांगा.

२. गायक शेताकडे पळाले तेव्हा नहेम्याने कोणाला जाब विचारला? आपल्या मंडळीत आपण अशा वेळी कोणाला दोष देतो?

३. मागील नाताळच्या खर्चाचा हिशेब आठवा. कोणाला पैसे दिले? कोणाला फक्त टाळ्या दिल्या?

४. वर्षातून एकदाच मंदिरात येणाऱ्या माणसाशी आपण कसे बोलतो? लूक २:२० च्या प्रकाशात विचार करा.

५. ख्रिस्ती वादकाने कोठे वाजवावे व कोठे नाही? १ करिंथ ८ ते १० वाचून, कोणाचेही नाव न घेता चर्चा करा.

लहान वर्गासाठी कृती : मुलांना दोन गटांत विभागा. एका गटाने देवदूत होऊन नाताळचे एक गीत गावे व वर्गाबाहेर जावे. दुसऱ्या गटाने मेंढपाळ होऊन तेच गीत म्हणत आपल्या जागी परत यावे व झाडणे, पाणी भरणे, अभ्यास करणे अशी कामे करून दाखवावीत. मग विचारा : आता गाणे कोणाकडे आहे?

मोठ्या वर्गासाठी कृती : या सणात आपल्यासाठी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या एका व्यक्तीच्या घरी दोघांनी जावे. पावसाळ्यात तुमचे कसे चालते, एवढेच विचारावे आणि ऐकून घ्यावे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तू मेंढपाळांच्या रातपाळीत आपले गाणे पाठवलेस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. जे आमच्यासाठी गातात व वाजवतात त्यांचे हात, गळे व घरे यांना तू आशीर्वाद दे. त्यांचा वाटा आम्ही अडवून ठेवला असेल तर आम्हांला क्षमा कर आणि तो देण्याचे धैर्य दे. या नाताळात ज्यांना सुट्टी नाही, जे परक्या गावी दारात उभे राहून ऐकतात, त्यांच्या जवळ तू असावे. आणि सण सरल्यावर तुझे गौरव आमच्या कामात चालू राहो. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.